काळजाचे कलम : डॉ. थॉमस स्टार्झल यांचे कार्य आणि त्यापासून घ्यावयाचा धडा



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खते, पाणी आणि खोडवा याबद्दल बोलतो. या खेपेस विषय जरा वेगळा घेतला आहे. गटात हिंडताना हल्ली सभासद हमखास विचारतात, "साहेब, माणसाचे लिव्हर बदलतात म्हणे. ते कसे काय जमते?" प्रश्न रास्त आहे. कावीळ झालेला, पोटात पाणी झालेला माणूस प्रत्येक गावात एखादा तरी असतोच. म्हणून ज्या माणसाने ही शस्त्रक्रिया जगात प्रथम केली आणि पुढे ती यशस्वी करून दाखवली, त्या डॉ. थॉमस स्टार्झल यांच्या कार्याची माहिती येथे देत आहे. मी डॉक्टर नाही, शेतकी पदविकाधारक आहे. तेव्हा आपल्याला समजेल अशाच भाषेत सांगतो.

यकृत म्हणजे काय?

शाळेच्या पुस्तकात त्याला यकृत म्हणतात, मटणाच्या दुकानात काळीज किंवा कलेजी म्हणतात. मोठ्या माणसाचे यकृत साधारण सव्वा ते दीड किलो वजनाचे असते आणि उजव्या बरगड्यांखाली असते. आपल्या कारखान्यात उसाची गाडी कुठूनही येवो, ऊस पडतो तो गव्हाणीतच. तसे आतड्यातून निघालेले सगळे रक्त एका मोठ्या शिरेतून आधी यकृतात येते. यकृत त्यातली साखर साठवून ठेवते, पित्त तयार करते, रक्त गोठवणारे पदार्थ बनवते आणि विषारी द्रव्ये निकामी करते. मूत्रपिंड बिघडले तर डायलिसिसचे यंत्र आहे. यकृताचे काम वर्षानुवर्षे चालवील असे यंत्र मात्र अजून कोणाला करता आलेले नाही. यकृत पूर्ण गेले की दुसरे बसवणे हाच उपाय राहतो.

बसवणे अवघड का?

आपण रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसचे कलम बांधतो. साल सालीला जुळली, दोर नीट आवळला, ओल राहिली की कलम धरते. खुंट काही कलमाशी भांडत नाही. प्राण्याच्या शरीराचे तसे नसते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. बाहेरचा जंतू शिरला की त्या त्याच्यावर तुटून पडतात. दुसऱ्याचे अवयव बसवले की तेही त्यांना परके वाटतात आणि त्यांच्यावरही हल्ला होतो. बोस्टन शहरात १९५४ साली डॉ. जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण केले, पण देणारा आणि घेणारा हे दोघे एकसारखे जुळे भाऊ होते. एकाच बेण्याचे दोन फुटवे म्हणा ना! ज्याला जुळा भाऊ नाही त्याचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

सुरुवातीची वर्षे

थॉमस स्टार्झल यांचा जन्म ११ मार्च १९२६ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात ला मार्स या लहान गावी झाला. हा सगळा मका पिकवणारा मुलूख. वडील गावातले वर्तमानपत्र चालवीत आणि विज्ञानकथाही लिहीत. आई परिचारिका होती. तरुणपणी थॉमस यांच्या मनात धर्मगुरू होण्याचे होते. १९४७ साली आई कर्करोगाने वारली आणि त्यांची वाट बदलली. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून १९५२ साली त्यांनी वैद्यकीची पदवी घेतली आणि त्याच वर्षी मज्जासंस्थेच्या अभ्यासासाठी डॉक्टरेटही मिळवली.

पुढे शस्त्रक्रियेचे शिक्षण घेताना त्यांना यकृताचे वेड लागले. यकृतात येणाऱ्या रक्तात असे काय असते की ज्यावर ते पोसले जाते, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. तो सोडवण्यासाठी ते कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करू लागले. १९५८ पासून त्यांनी कुत्र्यांमध्ये पूर्ण यकृत काढून दुसरे बसवण्याचे प्रयोग हाती घेतले. आरंभी बहुतेक कुत्री मेली. कोणती शीर आधी बांधायची, रक्त किती वेळ अडवलेले चालते, काढलेले यकृत थंड कसे ठेवायचे, एकेक गोष्ट या प्रयोगांतून ठरत गेली. ज्या मूळ प्रश्नापासून त्यांनी सुरुवात केली त्याचे उत्तरही पुढे मिळाले. यकृताला पोसणाऱ्या द्रव्यांमध्ये इन्शुलिन हे प्रमुख आहे असे त्यांच्या प्रयोगांतून दिसले.

१९६३ : पाच रुग्ण

पुढे स्टार्झल कोलोरॅडो विद्यापीठात, डेन्व्हर येथे आले. तेथे त्यांनी प्रथम मूत्रपिंडाचे काम घेतले. परकेपणाचा हल्ला थोपवण्यासाठी तेव्हा अझाथायोप्रिन नावाचे औषध होते, पण ते एकटे पुरे पडत नव्हते. स्टार्झल यांनी त्याला प्रेडनिसोन या स्टेरॉइडची जोड दिली. सुरू झालेला हल्लासुद्धा या जोडीने मागे हटवता येतो हे त्यांनी १९६३ साली दाखवले. एक खत दिले तर पीक जेमतेम येते, दोन्ही योग्य मात्रेत दिली तर उभारी धरते, त्यातलाच हा प्रकार. जुळा भाऊ नसलेल्या रुग्णांनाही त्यामुळे मूत्रपिंड देता येऊ लागले.

आता यकृताची पाळी. १ मार्च १९६३ रोजी डेन्व्हर येथे त्यांनी माणसातील जगातले पहिले यकृत रोपण केले. रुग्ण तीन वर्षांचे मूल होते. जन्मतःच पित्ताच्या नळ्या बंद असल्याने त्याचे यकृत निकामी झाले होते. आधीच्या शस्त्रक्रियांमुळे पोटात सगळे चिकटले होते आणि रक्त गोठण्याची शक्ती उरली नव्हती. रक्तस्राव थांबेना आणि ते मूल टेबलावरच गेले.

त्या वर्षी ऑक्टोबरपर्यंत डेन्व्हर येथे आणखी चार शस्त्रक्रिया झाल्या. पहिल्या रुग्णाचा रक्तस्राव ध्यानी धरून आता रक्त गोठवणारी औषधे दिली गेली. शस्त्रक्रिया पार पडल्या, यकृत कामही करू लागले. पण रक्त वळवण्यासाठी ज्या नळ्या जोडल्या होत्या त्यात गुठळ्या झाल्या आणि त्या फुप्फुसात जाऊन अडकल्या. म्हणजे एक दोष काढायला जावे तर त्यातूनच दुसरा उभा राहिला! पाचांपैकी कोणीही २३ दिवसांपेक्षा अधिक जगले नाही. बोस्टन आणि पॅरिस येथील डॉक्टरांनी एकेक प्रयत्न केला, तेथेही अपयशच आले.

थांबण्याचे धैर्य

यानंतर स्टार्झल यांनी जे केले ते मला फार मोलाचे वाटते. त्यांनी माणसावरील यकृत रोपण आपणहून बंद केले. जवळजवळ साडेतीन वर्षे एकाही रुग्णावर ही शस्त्रक्रिया केली नाही. पण काम बंद नव्हते. पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी तीन गोष्टींवर मेहनत घेतली. काढलेले यकृत जास्त वेळ ताजे कसे ठेवावे, देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या पेशींचा मेळ कसा पाहावा, आणि पांढऱ्या पेशींना आवरणारे आणखी एक औषध कसे तयार करावे. घोड्याच्या रक्तापासून तयार केलेले असे एक द्रव्य १९६६ मध्ये त्यांनी वापरात आणले.

जुलै १९६७ मध्ये पुन्हा सुरुवात झाली. यकृताचा कर्करोग झालेल्या १९ महिन्यांच्या मुलीला नवे यकृत बसवले. ती वर्षाहून अधिक, सुमारे ४०० दिवस जगली. शेवटी गेली ती मूळचा कर्करोग शरीरात पसरल्यामुळे. यकृत बसवून माणूस वर्षभर जगू शकतो एवढे तरी जगाला कळले. पुढच्याच वर्षी, १९६८ साली, इंग्लंडात केंब्रिज येथे डॉ. रॉय काल्न यांनीही हे काम सुरू केले. यानंतर कित्येक वर्षे जगात प्रामुख्याने हे दोघेच जण नेटाने ही शस्त्रक्रिया करत राहिले.

तरी यश बेताचेच होते. त्या काळात तीन रुग्णांमागे जेमतेम एक जण वर्ष ओलांडी. अनेक जाणत्या डॉक्टरांचे मत असे होते की हा उद्योग सोडून द्यावा. स्टार्झल यांचे म्हणणे वेगळे होते. जे जगले ते चांगले जगत आहेत, तेव्हा रीत बरोबर आहे, औषध तेवढे कमी पडते आहे. १९७० साली त्यांनी यकृत बसवलेली एक लहान मुलगी पुढे चार दशकांहून अधिक काळ जगली, यावरून त्यांचे म्हणणे किती खरे होते ते समजून यावे.

औषध मिळाले ते मातीत

आता शेतकऱ्याने कान टवकारून ऐकावे अशी गोष्ट सांगतो. स्वित्झर्लंडमधील सॅन्डोझ कंपनीचे लोक देशोदेशीची माती गोळा करून तपासत असत. नॉर्वेतल्या एका पठारावरच्या मातीत त्यांना एक बुरशी सापडली. त्या बुरशीपासून निघालेले सायक्लोस्पोरिन हे द्रव्य पांढऱ्या पेशींना आवरते, पण सगळी रोगप्रतिकारशक्ती मारून टाकत नाही, हे जाँ बोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केले. १९७८ मध्ये काल्न यांनी ते रुग्णांना दिले. मात्रा जास्त झाली तर मूत्रपिंडाला त्रास होई. १९८० साली स्टार्झल यांनी मात्रा बेताची ठेवून प्रेडनिसोनची जोड दिली. या रीतीने यकृत बसवलेल्या पहिल्या १२ रुग्णांपैकी ११ जण वर्षाहून अधिक जगले. कुठे तिघांतला एक आणि कुठे बारातले अकरा!

पुढे १९८४ साली जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून फुजिसावा कंपनीने टॅक्रोलिमस हे द्रव्य मिळवले. ते माणसात प्रथम १९८९ साली स्टार्झल यांच्या चमूनेच पिट्सबर्ग येथे वापरले. सायक्लोस्पोरिनने न भागलेले रुग्णही त्याने सावरले. आज यकृत रोपणानंतर देण्यात येणारे ते मुख्य औषध आहे. आपण अॅझोटोबॅक्टर आणि ट्रायकोडर्मा यांच्या गोष्टी करतो तेव्हा काही सभासद हसतात, "साहेब, मातीतल्या किड्याने काय होणार?" मातीतल्या अशाच जिवांनी हजारो माणसे जगवली आहेत, एवढेच सांगतो. पाचट जाळताना याचा विचार व्हावा.

पिट्सबर्ग आणि नंतर

१९८१ च्या आरंभी स्टार्झल पिट्सबर्ग विद्यापीठात आले. तेथेही सुरुवातीचे रुग्ण वाचले नाहीत आणि टीका झाली. पण थोड्याच काळात जम बसला. १९८३ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची बैठक भरवली आणि यकृत रोपण ही आता प्रयोगाची बाब नसून मान्य उपचार आहे असा निर्णय दिला. वीस वर्षांपूर्वी जे मूल टेबलावर गेले तेथून येथवर ही वाटचाल होती. देशोदेशींचे तरुण शल्यचिकित्सक पिट्सबर्गला शिकायला येऊ लागले आणि परत जाऊन आपापल्या देशात केंद्रे काढू लागले.

सगळे प्रयोग यशस्वी झाले असे मात्र नाही. मानवी अवयव अपुरे पडतात म्हणून १९९२ साली पिट्सबर्ग येथे बबून माकडाचे यकृत एका माणसाला बसवण्यात आले. तो रुग्ण ७० दिवस जगला.

एक गोष्ट वाचून आश्चर्य वाटते. हजारो शस्त्रक्रियांशी ज्याचे नाव जोडले गेले त्या माणसाला शस्त्रक्रिया करणे मनापासून आवडत नव्हते. प्रत्येक वेळी टेबलापाशी जाताना आपल्या हातून रुग्ण दगावेल ही भीती मनात असे, असे त्यांनी 'द पझल पीपल' या १९९२ साली निघालेल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. स्वतःच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यावर, १९९१ साली, त्यांनी चाकू खाली ठेवला.

संशोधन मात्र चालूच होते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी अवयव बसवलेल्या आपल्या जुन्या रुग्णांना त्यांनी बोलावून घेतले आणि तपासले. तेव्हा असे दिसले की देणाऱ्याच्या पेशी त्या अवयवापुरत्या राहिलेल्या नाहीत, तर घेणाऱ्याच्या कातडीत आणि रक्तातही जाऊन नांदत आहेत. राखणदार आणि पाहुणा यांनी एकमेकांशी जुळवून घेतले होते. म्हणून औषधे वाटेल तेव्हा बंद करावीत असा याचा अर्थ नाही. आपल्या मनाने औषध सोडणाऱ्यांपैकी कित्येकांचा अवयव गेला आहे.

२०१२ साली स्टार्झल आणि काल्न या दोघांना मिळून लास्कर पुरस्कार मिळाला. ४ मार्च २०१७ रोजी वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षात पिट्सबर्ग येथे स्टार्झल यांचे निधन झाले.

आपल्याकडे काय?

मेंदू कायमचा मेलेला, पण यंत्राच्या साहाय्याने हृदय चालू असलेला रुग्ण हा मृत समजावा, याला आपल्या देशात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मान्यता दिली. हा कायदा सुरुवातीला ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यात महाराष्ट्र आणि गोवा ही दोन होती, तिसरे हिमाचल प्रदेश. याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने, दोनदा तपासणी केल्याशिवाय मेंदू मृत ठरवता येत नाही. अवयवांचा पैशाने व्यवहार हा गुन्हा आहे. आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रे नोंदणीनुसार अवयवांचे वाटप पाहतात.

देशातील पहिले यशस्वी यकृत रोपण १९९८ साली दिल्ली येथे एका लहान मुलावर झाले. यकृताचा तुकडा दिला तो वडिलांनी. यकृताचा हा विशेष आहे की निरोगी माणसाचा भाग काढून घेतला तरी उरलेला पुन्हा वाढतो आणि दिलेला तुकडाही वाढतो. उसाचा बुडखा राखला की खोडवा फुटतो तसे. आपण लेकराला काळजाचा तुकडा म्हणतो. येथे बापाने खराच दिला.

आपण काय करावे?

१. कावीळ हा रोग नव्हे, रोगाची खूण आहे. कोणी उतरवून देतो, कोणी डोळ्यात रस घालतो, यात आठवडे घालवू नका. रक्त तपासून कारण शोधा.

२. बी प्रकारच्या काविळीची लस आहे. बाळाला जन्मल्याबरोबर पहिला डोस शासकीय दवाखान्यात मोफत मिळतो, तो चुकवू नका. सी प्रकारची कावीळ आता बहुतेकांची तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरी होते. वापरलेली सुई आणि दुसऱ्याचा वस्तरा टाळा.

३. दारूबद्दल स्पष्ट बोलतो. उसाच्या मळीपासून मद्यार्क निघतो आणि त्यातून कारखानदारीला उत्पन्नही होते, हे खरे. म्हणून तो आपल्या काळजात ओतावा असे नाही. तोडणीचे बिल हातात आल्यावर कोणाच्या घरात काय होते हे गटात हिंडणाऱ्याला दिसते. यकृत फार सोशिक आहे, निम्म्याहून अधिक खराब होईतो तक्रार करत नाही, आणि तक्रार करते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

४. पोटाचा घेर, साखरेचा आजार आणि बसून काम यामुळे न पिणाऱ्याच्याही यकृतात चरबी साठते. ट्रॅक्टर आला, चालणे गेले. साठीच्या आतल्या सभासदांनीही तपासणी करून घ्यावी.

५. अवयवदानाचा विचार घरात आधीच बोलून ठेवावा. अपघाताच्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात हा निर्णय घेणे कोणालाही जड जाते. मरणाऱ्याची इच्छा माहीत असेल तर घरच्यांचा भार हलका होतो.

अभ्यासासाठी

गट बैठकीत चर्चा करण्याजोग्या दोन गोष्टी सांगून लेख पुरा करतो. पाडेगावच्या केंद्रात उसाचा नवा वाण शिफारशीपर्यंत यायला दहा-बारा वर्षे सहज जातात आणि हजारो रोपे बाद होतात. आपण मात्र एका हंगामात फरक दिसला नाही की प्रयोगाचा प्लॉट मोडतो. स्टार्झल यांनी पहिल्या शस्त्रक्रियेपासून मान्यतेपर्यंत वीस वर्षे धीर धरला. त्या वीस वर्षांत ते जेथे थांबायला हवे तेथे थांबले आणि प्रत्येक मृत्यूची कारणे लिहून प्रसिद्ध केली. आपल्यापैकी किती जण बुडालेल्या प्लॉटची नोंद ठेवतात? पाणी कधी दिले, खत किती दिले, रोग केव्हा दिसला, हे वहीत नसेल तर पुढच्या लागणीला शिकायचे कशावरून?

दुसरी गोष्ट अशी की त्यांनी आपली विद्या झाकून ठेवली नाही. जो आला त्याला शिकवले, म्हणून पिट्सबर्गची रीत देशोदेशी पोहोचली. आपल्यातल्या ज्या सभासदाचा एकरी उतारा चांगला आहे त्याने शेजाऱ्याला बांधावर बोलावून दाखवावे. सहकाराचा अर्थ याहून वेगळा नाही.

पुढील बैठकीला येताना प्रत्येकाने आपली नोंदवही बरोबर आणावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी